पडदा उतरवलेलं पान

काल दुपारी आम्ही गच्चीवर काश्मीर उलगडलं.

दचकू नका. काश्मीर भिंतीएवढंच होतं आणि बांबूला गुंडाळून माळ्यावर पडलं होतं. जाड मांजरपाटावर रंगवलेला पडदा: मागं बर्फाचे डोंगर, पुढं तळं, तळ्यात चंद्र, आणि चंद्राशेजारी एक हंस, ज्याला आख्ख्या छावणीनं कायम बदकच म्हटलं. मी गुडघ्यांवर रांगत तो पसरत होते आणि दादा, म्हणजे माझे वडील, सावलीत खुर्ची टाकून हुकूम सोडत होते. दादांना आता कमी ऐकू येतं. पण हुकूम सोडायला कान लागत नाहीत.

"हळू गं. फाटल ते."

"दादा, यात आता फाटायला उरलंय काय? उंदरांनी चंद्र खाल्लाय."

"आन् बदक?"

"बदक शाबूत आहे."

"मंग झालं," असं म्हणून ते समाधानानं मागं टेकले.

छावणीच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ होता. शटर अजून आहे, पण लवकरच तिथं मोबाईलची कव्हरं मिळू लागतील. तर हा पडदा, ऊन आणि मी. उन्हानं कापड तापलं तसा त्यातून वास सुटायला लागला. आधी बुरशीचा, मग जुन्या डिस्टेंपरचा, आणि सगळ्यात खालून, अगदी लाजत लाजत, डार्करूममध्ये फोटो धुवायच्या हायपोचा आंबट वास. तो नाकात गेला आणि मी होते तिथंच मांडी घालून बसले. आता माझं वय मांडी घातल्यावर लगेच उठायचं राहिलेलं नाही, त्यामुळं बसल्या बसल्या बरंच आठवलं.

स्टुडिओत खिळ्याला एक कोट टांगलेला असायचा. एकच. निळा. आमच्या गल्लीतल्या विहारातल्या तसबिरीतल्या कोटासारखा निळा, म्हणून त्याला भारी मान. नोकरीचा अर्ज करणारा, मुलगी पाहायला निघालेला, पहिला पगार झालेला, सगळे तोच कोट घालून फोटोला बसायचे. बारीक माणूस आला की दादा मागून कापड चिमटीत धरून टाचण्या लावायचे. जाडा आला की पाठीची शिवण उसवलेली होतीच, ती फोटोत दिसत नसे. सुतळीला बांधलेला कंगवा, पावडरचा डबा, आरशाला गेलेला तडा. मग दादा काळ्या कापडात डोकं घालत आणि आतून आवाज येई, "हनुवटी खाली. हासू नका, पर रडल्यासारखं बी करू नका." आख्ख्या छावणीचं ऐन तारुण्य त्या एका कोटात आणि त्या एका तळ्याकाठी गेलं.

थंडीत दौलताबादची सीताफळं हातगाड्यांवर यायची. गुरुवारच्या बाजारातून गुरांचं हंबरणं ऐकू यायचं. सकाळी फौजेच्या मैदानातून बिगुल वाजायचा आणि मी तो ऐकून झोपेत कूस बदलायची. अशा सगळ्या कारभारात मी एका भलत्याच गोष्टीच्या नादी लागले. ती म्हणजे स्टाइल शीट, इंटरनेटवरच्या पानाला रूप देणारी.

जावेदभाईंचा सायबर कॅफे बेकरीच्या वरच्या मजल्यावर होता. जिना चढताना पावांचा ऊबदार वास पाठीवर बसूनच वर यायचा. वर प्लायवूडचे खण, प्रत्येकाला फुलाफुलांचा पडदा. इंटरनेट लागताना आधी एक शिट्टी वाजायची, मग कुणीतरी पत्र्यावरून खडे ओढल्यासारखं व्हायचं, मग दोन मांजरं भांडायची आणि एकदम शांतता. त्या शांततेत जग येऊन बसलेलं असायचं. मी कॉलेजात होते. पोरगी पडद्यामागं तासन्‌तास बसते, ही बातमी गल्लीतल्या दोन मावश्यांनी काळजीनं घरी पोचवली. दादा त्यांना म्हणाले, "मावशी, माझी भाकरीच पडद्यावर चालती. आता लेकीला काय सांगू?"

त्या खणात मी एकदा चुकून माऊसचं उजवं बटण दाबलं, आलेल्या यादीत भलतीच टिचकी पडली आणि एक पान उलटं झालं. म्हणजे त्याची मागची बाजू दिसली. आपल्याकडची हिमरू शाल उलटी केली की फुलांच्या जागी नुसत्या मोकळ्या दोऱ्यांचा गुंता दिसतो ना, तसं. समोरून किती देखणं पान, आणि मागं कंस, कोलन, अर्धविराम, आकडे. मला एवढा आनंद झाला की मी बटाटावडा अर्धा टाकून दिला. माझ्याबाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे.

शिकवायला कुणी नव्हतं. पुस्तकाच्या दुकानात विचारलं तर त्यांनी फॅशन डिझाइनचं पुस्तक दाखवलं. मग मी पानंच उलटी करून वाचायला लागले. एक ओळ बदलायची, काय बदललं ते बघायचं. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून फोटो घालून द्यायच्या पिवळ्या पाकिटांच्या पाठीवर मी स्टाइल शीट हातानं लिहायची आणि डोळे मिटून ते पान कसं दिसेल ते बघायची. दुसऱ्या दिवशी कॅफेत टाइप केलं की खरं पान दिसायचं. डोळे मिटून पाहिलेलं पान नेहमी जास्त सुंदर असायचं. एक कंस मिटायचा राहिला की आख्खं पान रुसून पांढरं पडायचं. रंगाला तिथं नाव नसतं, सहा अक्षर-आकड्यांचा पत्ता असतो. त्या पत्त्यांवर मी दारोदार हिंडायची. पिकल्या लिंबोळीचा पिवळा सापडला, पावाच्या पाठीचा तपकिरी सापडला.

जावेदभाई एकदा पडदा सरकवून म्हणाले, "बेबी, लोगां इधर चॅटिंग करते. तुम रोज ये क्या पन्ना पलटाके देखते?"

"शिकती हूँ, भाई."

"किसके पास?"

"इसीके पास."

त्यांनी वाकून स्क्रीनवरचे कंस पाहिले. "हौ. उस्ताद अच्छा है. डाँटता नै."

दादांना मी समजावून सांगितलं, की पानावरचा मजकूर एकीकडे लिहायचा आणि तो दिसावा कसा याचा नियम दुसरीकडे, एकदाच. मग शंभर पानं असली तरी एक नियम बदलला की सगळ्यांचं रूप बदलतं. दादा निगेटिव्ह सुकत घालत होते. त्यांनी मागं न बघता विचारलं, "म्हंजी माझा कोट?" मी हो म्हणाले. "कोटाचं बटण मी एकदा बदललं, तर समद्या गावाचं बटण बदललं, असंच का?" असंच. "मंग हे तर मी कवापासून करतोय," असं म्हणून ते लाल दिव्याच्या उजेडात हसले. त्या दिवसापासून ते गिऱ्हाइकांना सांगू लागले, की पोरगी कॉम्प्युटरात कोट शिवते.

त्याच सुमाराला मंदावहिनी आल्या.

त्या पडेगावच्या. नवरा रामदास फौजेत, लांब उत्तरेला डोंगरात. कडेवर एक गुबगुबीत, भुरभुरत्या जावळाची मुलगी आणि बरोबर सासू, जिला सगळे जिजी म्हणत. जिजीच्या घराचा एक दंडक होता. तिचा सासरा फौजेत, नवरा फौजेत, आता मुलगाही. बापानं लेकराचं तोंड पाहिल्याशिवाय त्या घरात बारसं होत नसे. आणि रामदासची सुट्टी काही केल्या मंजूर होत नव्हती. मुलगी आता बसायला लागली होती तरी तिला नाव नव्हतं. ठके, चिमे, येडाबाई, जे तोंडात येईल ते.

"जिजी," दादांनी विचारलं, "फोटो पाहिला तर चालल का?"

जिजीनं भिंतीवरच्या सगळ्या फोटोंवरून नजर फिरवली. एखाद्या न्यायाधीशानं घ्यावा तेवढा वेळ घेतला. "फोटोतलं तोंड बी तोंडच नं? चालल."

फोटो काढला, पोस्टानं पाठवला. पण तोवर पलटण हलली आणि तो फोटो पाकिटात कुठंतरी हिंडत राहिला. मग गंगापूरहून नणंद आली. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि ही आत्या थांबणाऱ्यांतली नव्हती. तिनं जाहीर केलं, की येत्या रविवारपर्यंत बापानं पाहिलं तर ठीक, नाहीतर ती स्वतः पोरीला पाळण्यात घालून द्वारका नाव ठेवणार, जिजीच्या सासूचं. जिजीचा दंडक की लेकीचा हट्ट, या दोघांत मंदावहिनीला कुणी काही विचारलं नाही. त्या पोरीचे पाय पदरानं पुसत राहिल्या.

मी म्हटलं, मी पान करते. रामदासच्या पलटणीच्या नव्या तळाखालच्या बाजारात एका दुकानात इंटरनेट होतं. सुट्टीच्या दिवशी जवान खाली उतरत आणि तिथं रांग लावत. तिथं बसून पाहील, त्यात काय.

मंदावहिनी पहिल्यांदाच बोलल्या. फार हळू. "ताई, त्यांना दिसल ना?"

"दिसल की," मी म्हटलं. मी त्या वयात सगळ्यांना असंच सांगायची.

आता जे झालं ते फक्त आमच्याच घरात होऊ शकतं. फोटो-स्टुडिओवाल्याच्या घरी पडद्याशिवाय माणूस उभा करत नाहीत. दादांनी बजावून सांगितलं, की पानाला पडदा पाहिजे. मलाही ते शंभर टक्के पटलं. आम्ही काश्मीरच्या पडद्याचा मोठ्ठा फोटो काढला, जावेदभाईंच्या स्कॅनरवर घातला आणि मी स्टाइल शीटमध्ये तो पानाच्या मागं पसरला. वर मखमली अक्षरं, चौकटीला सोनेरी काठ, आणि खाली मधोमध मंदावहिनीच्या मांडीवर बसलेली मुलगी. सगळी चित्रं कॅफेतल्या त्याच कॉम्प्युटरवर होती, त्यामुळं पान झटकन उघडलं, अहाहा. जावेदभाईंनी दोन गिऱ्हाइकांना बोलावून दाखवलं.

पानाचा पत्ता लांबलचक होता, फुकट जागा देणाऱ्या साइटचा. मंदावहिनींनी तो अक्षरन्‌अक्षर पाठ केला. पत्त्यात मध्येच एक नागमोडी चिन्ह होतं, त्याला आम्ही गांडूळ म्हणायचं ठरवलं. त्या पोरीला थोपटताना तोच पत्ता पाळण्याच्या चालीत म्हणायच्या आणि पोरगी झोपायची. स्टुडिओत रामदासचा फोन आला तेव्हा त्यांनी तो न अडखळता सांगितला. गांडुळासकट.

पुढचा फोन रविवारच्या आधी दोन-तीन दिवस आला. रामदास आपली पाळी येईपर्यंत उभा राहिला होता. पाळी आली, त्यानं पत्ता टाकला. पान उघडायला लागलं. वरून हळूहळू, पट्टीपट्टीनं, अक्षरांमागं आधी बर्फ आलं. मग डोंगर. मग पाणी, पुष्कळ पाणी. मग एक पांढरी मान. तेवढ्यात त्याची वेळ संपली आणि मागच्यानं त्याला उठवलं.

"पोरगी कुठंय?" त्यानं फोनवर विचारलं. "आन् ते बदक कोणाचं?" फोन ठेवताना म्हणाला, रविवारी खाली उतरून पुन्हा बघतो.

जिजीनं डोक्याला हात लावला. बापाला पोरीआधी बदक दिसलं, हे तिला फार लागलं. नणंदेला नाही लागलं. ती पाळण्याला बांधायची फुलं बघायला लागली. मंदावहिनी माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. राग परवडला असता.

मी कॅफेत जाऊन बसले. जावेदभाईंनी न मागता चहा आणून ठेवला आणि खणाचा पडदा ओढून घेतला. मी माझं पान उलटं केलं आणि पहिल्यांदा ते त्या डोंगरातल्या दुकानात बसल्यासारखं वाचलं. काय आधी येतं, काय नंतर येतं. कशाला किती वेळ लागतो. सजावट माणसाच्या वाटेत कुठं उभी आहे. इतके दिवस मी स्टाइल शीट शिकत होते ती दिसण्यासाठी. त्या दुपारी मला कळलं, की एक अख्खं तळं, डोंगर, चंद्र, बदक, हे सगळं काढून तिथं रंगाचा एक पत्ता लिहिला तरी आभाळ होतं. एक ओळ. तिला वजनच नसतं.

घरी येऊन मी दादांना सांगितलं, की पडदा काढायचा.

"पडदा काढून?" दादा म्हणाले. "पोरगी काय चोरीत सापडलीय? बिगर पडद्याचा फोटो ठाण्यात काढत्यात."

"दादा, तो तिथं पडदा बघायला बसत नाही."

दादा उठले. स्टुडिओत गेले, बराच वेळ पडद्यासमोर उभे राहिले. मग सायकल काढून पडेगावला गेले आणि मंदावहिनीला पोरीसकट घेऊन या म्हणून जिजीला सांगून आले. त्या आल्यावर दादांनी पडदा वर गुंडाळला. मागं नुसती चुन्याची भिंत. रस्त्याकडची खिडकी उघडली, तो उजेड पोरीच्या गालावर घेतला आणि कॅमेरा इतका जवळ नेला, की पोरीनं त्याला हात लावला. इतकी वर्षं दादा गिऱ्हाइकाला गुडघ्यापर्यंत घ्यायचे, पैसे वसूल झाल्यासारखं वाटावं म्हणून. त्या दिवशी फक्त तोंड घेतलं. हनुवटी खाली वगैरे काही म्हणाले नाहीत.

मी फोटो लहान केला, मग आणखी लहान. जिथं पोरीचे डोळे धूसर व्हायला लागले तिथं थांबले आणि एक पाऊल मागं आले. पानाचा पत्ता तोच, मागं फक्त एक निळा रंग. चारी बाजूंना मोकळी जागा, दादा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवताना सोडायचे तशी. आणि अक्षरांना काहीच वजन नसतं, ती सगळ्यांच्या आधी पोचतात, म्हणून अगदी वर, मोठ्या अक्षरांत, एवढंच: पप्पा, उठू नका. मी येतेय.

काल गच्चीवर हे सगळं आठवत बसले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. खाली मैदानाच्या बाजूनं मोटारी जात होत्या. मी आता पोटासाठी पानंच बनवते. लांबलांबची माणसं सांगतात, मी बनवते. ती पापणी लवायच्या आत उघडतात आणि पापणी लवायच्या आत लोक ती सोडून जातात. उघडायची वाट बघत कुणी बसत नाही. जावेदभाई दुबईला मुलाकडे असतात. बेकरी आहे, पण तिचा वास आता जिन्यानं वर येत नाही, कारण जिनाच नाही.

दादा बराच वेळ बदकाकडे बघत होते. मग एकदम म्हणाले, "त्या पडेगावच्या पोरीचं नाव काय ठिवलं व्हतं गं?"

त्यांना ऐकू जावं म्हणून मी सरकत सरकत त्यांच्या खुर्चीशी गेले आणि कानाशी तोंड नेऊन त्या रविवारची सगळी गोष्ट पुन्हा सांगितली.

सकाळपासून सगळे स्टुडिओतच होते, कारण रामदास फोन करायचा तो आमच्या स्टुडिओतल्या काळ्या फोनवर. नणंद फुलं आणि नवं अंगडं घेऊन बसली होती. जिजी कोटाच्या खाली भिंतीला टेकली होती. पोरगी दादांच्या मांडीवर बसून त्यांच्या खिशातलं पेन चोखत होती. मंदावहिनी उभ्याच. दुपार झाली. नणंद म्हणाली, आता बास, आणि अंगडं उलगडायला लागली. तेव्हा फोन वाजला.

जिजीनं उचलला. त्या फोनचा आवाज असा, की शेजारच्या किराणा दुकानातही ऐकू जावा.

"जिजी," रामदास म्हणाला, "आधी अक्षरं आली. मंग कपाळ आलं. मंग भुवया. मला वाटलं आता उठवतेत, पर मागच्यानं बी वाचलं व्हतं. तो म्हणला, बस यार, आने दे. मंग डोळे आले. मंग नाक आलं, तुझंच हाय."

जिजीनं स्वतःच्या नाकाला हात लावला आणि फोन सुनेकडे दिला.

नणंदेनं घाईनं पुढं होऊन सांगितलं, की नाव द्वारका ठरलंय, त्याला सांगा. ते फोनमधून त्यालाही ऐकू गेलं. मग रामदासनं विचारलं, "मंदा, इतके दिवस तू हिला काय म्हणून हाक मारती?"

मंदावहिनी आमच्या स्टुडिओत कधीच कुणाला ऐकू जाईल असं बोलल्या नव्हत्या. त्यांनी नणंदेकडे पाहिलं नाही, जिजीकडे पाहिलं नाही, विचारही केला नाही.

"सायली," त्या म्हणाल्या.

आणि दादांच्या मांडीवरच्या पोरीनं तोंडातलं पेन सोडून आईकडे मान वळवली, रोजची हाक ऐकल्यावर वळवतात तशी.